रुग्णालयाच्या इमारतीचे नियम आणि लोकांचा शब्द : गैरसमज व वस्तुस्थिती

ढोकीच्या रेल्वे स्थानकावरून जिल्ह्याच्या गावी जाणारा शेतकरी असो, की गाळप हंगामात तेरणा साखर कारखान्याच्या परिसरात उतरणारा ऊसतोड मजूर असो, आजारपणात ज्या इमारतीची पायरी त्याला चढावी लागते तिच्यात खोल्या किती असाव्यात, जिने कसे असावेत आणि संकटसमयी बाहेर पडण्याच्या वाटा कोठे असाव्यात, हे ठरविणारे नियम आपल्या अपरोक्ष दूरच्या एखाद्या कचेरीत लिहिले जातात व त्यांत आपल्याला बोलण्याची सोय नाही, अशी समजूत लोकांत खोल रुजलेली आहे. या समजुतीने नुकसान होते ते लोकांचेच. म्हणून तिची छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हे काम अभियंत्यांचे आणि डॉक्टरांचे, सामान्य माणसाला त्यातले काय कळणार?

वस्तुस्थिती : तुळईची जाडी आणि प्राणवायूच्या नळ्यांची मांडणी तज्ज्ञांनीच ठरवावी, यात वाद नाही, परंतु बाळंतिणीसोबत आलेली सासू रात्र कोठे काढते, अपंग माणसाला शौचालयापर्यंत पोहोचताना कोणता उंबरा आडवा येतो, हे ज्ञान त्या इमारतीचा अनुभव घेणाऱ्यापाशीच असते. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार सपाट प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरले जाते. मात्र कारखान्याभोवती कोप्या घालून काही महिने राहणारी परगावची कुटुंबे त्या गावच्या कायम वस्तीत मोजली जात नाहीत, आणि ही गोष्ट नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात आणून द्यावयाची ती गावानेच.

गैरसमज : हरकती व सूचना मागविणे हा निव्वळ उपचार आहे.

वस्तुस्थिती : ज्या नियमांना मूळ कायद्याने पूर्वप्रसिद्धीची अट घातलेली असते, त्यांचा मसुदा रीतसर प्रसिद्ध करणे, मुदत जाहीर करणे आणि त्या मुदतीत दाखल झालेल्या हरकती-सूचनांचा विचार करणे हे १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २४ अन्वये राज्य शासनावर बंधनकारक आहे. राज्याच्या बहुतांश भागास लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अशीच आधी २०१९ मध्ये मसुद्याच्या रूपाने लोकांसमोर आली आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. भारतीय मानक ब्यूरोदेखील आपल्या मानकांचे मसुदे अभिप्रायार्थ खुले करतो. अर्थात विचार करणे म्हणजे मान्य करणे नव्हे, आणि म्हणूनच सूचनेला कारणांचा आधार असावा लागतो. अमेरिकेत रुग्णालयांच्या रचनेचे जे मार्गदर्शक नियम १९४७ पासून चालत आलेले आहेत, त्यांच्या प्रत्येक आवृत्तीपूर्वी लोकांकडून प्रस्ताव आणि मसुद्यावर अभिप्राय मागविण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

गैरसमज : एकदा छापलेला नियम म्हणजे दगडावरची रेघ.

वस्तुस्थिती : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हा प्रदेश भूकंपाच्या अधिकृत नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात मोडत होता, २००२ च्या सुधारित मानकात तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. २००७ साली तयार झालेली सार्वजनिक आरोग्य मानकेही २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारण्यात आली. प्रत्येक सुधारणा ही बोलण्याची नवी संधी असते. मात्र तिच्यासाठी हजारो माणसांचे प्राण जाण्याची वाट पाहावी लागू नये.

गैरसमज : मानक प्रसिद्ध झाले म्हणजे ते सर्वत्र कायद्याप्रमाणे लागू झाले.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय इमारत संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे, राज्याच्या अधिनियमात किंवा स्थानिक नियमावलीत तिचा अंतर्भाव झाला, तरच तिला सक्ती येते. शिवाय सक्ती आली तरी अंमल होतोच असे नाही. महाराष्ट्रात आगप्रतिबंधाचा २००६ चा कायदा अस्तित्वात असताना ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत दहा बालके दगावली. म्हणून नियम लिहिला जात असताना सूचना करणे हे जितके आवश्यक, तितकेच तो लिहिला गेल्यावर आपल्या रुग्णालयाची अग्निसुरक्षा तपासणी कधी झाली, याची माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागणे आवश्यक.

गैरसमज : गावाच्या हाती तक्रारीच्या अर्जाखेरीज काही नाही.

वस्तुस्थिती : राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने यांचा समावेश पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत स्पष्ट शब्दांत केलेला आहे. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जागेचा आणि सोयींचा प्रश्न मांडता येतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेखीचा प्रयोग महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेची प्रगतिपत्रके भरावीत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी त्यांना समक्ष उत्तर द्यावे, ही रीत या मातीला नवखी नाही.

आता उरतो तो प्रश्न पद्धतीचा. ग्रामसभेने ठराव करताना “सोयी अपुऱ्या आहेत” असे मोघम लिहू नये. मसुद्याचे कलम कोणते, त्यातील कोणता शब्द बदलावा, त्या जागी काय असावे आणि का, हे चार मुद्दे लिहावेत, शक्य तेथे मोजमाप जोडावे, मुदतीच्या आत तो ठराव जाहीरनाम्यात नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवावा आणि त्याची पोच दफ्तरी जपून ठेवावी. असा ठराव फेटाळला गेला तरी त्याची नोंद राहते, आणि पुढील सुधारणेच्या वेळी तीच नोंद गावाचा आधार ठरते. मुदत उलटून गेल्यावर केलेल्या आक्रोशाला मात्र, तो कितीही न्याय्य असला तरी, नियमाच्या पुस्तकात जागा मिळणे फार कठीण असते.