कळप आणि पाळक

अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिस्ती म्हणजे बायबल अंतिम प्रमाण मानणारे आणि प्रत्येकाने स्वतः ख्रिस्ताला शरण जाऊन ‘नवा जन्म’ घ्यावा असे सांगणारे लोक. त्यांना पोप नाही. त्यांच्यातील बॅप्टिस्टांची तर प्रत्येक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते आणि आपल्याच वर्गणीवर चालते. मग तेथे पुढारीपण कशावर उभे राहते? आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे लक्ष आधी वर्गणीकडे जाते.

1976 साली त्यांच्यापैकीच जिमी कार्टर अध्यक्ष म्हणून निवडून आले. तरी 1979 साली व्हर्जिनियातील पाळक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ काढली, गर्भपातविरोधासारख्या प्रश्नांवर मते जमवली आणि 1980 साली ती कार्टरविरुद्ध रेगन यांच्या पाठीशी उभी केली. 1989 साली ती संस्था मिटली. पुढे पॅट रॉबर्टसन यांच्या ‘ख्रिश्चन कोअलिशन’ने चर्चमधून उमेदवारांच्या भूमिकांची पत्रके वाटली.

2016 साली गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे पाचांतील चौघांनी ट्रम्प यांना मत दिले. सदर्न बॅप्टिस्टांचे रसेल मूर यांनी ट्रम्प यांच्यावर उघड टीका केली होती. शंभरावर मंडळ्यांनी वर्गणी रोखण्याची धमकी दिली. 2017 साली मूर यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. 2021 साली त्यांनी ते पद सोडले.

पाळक कळपाला हाकतो असे दुरून दिसते. पुष्कळदा कळपच पाळकाला हाकतो. वर्गणीदाराने जाब विचारावाच, असे आम्हीही म्हणतो. पण कटू सत्य सांगणाऱ्याची भाकरीच तुटू लागली, की त्या संघटनेत पुढारी उरत नाही. नुसता कर्णा उरतो.