प्लॅस्टिकवरील विद्युतवाहक रेषा : अतिलघु लेसर स्पंदांचे कार्य

प्रस्तावना

प्लॅस्टिक हे स्वभावतः विद्युतरोधक, तर तांबे उत्तम विद्युतवाहक. मोबाइल दूरध्वनीसारख्या उपकरणांत जागा अत्यंत मर्यादित असते. त्यामुळे स्वतंत्र सर्किट बोर्ड बसविण्याऐवजी उपकरणाच्या वक्राकार प्लॅस्टिक भागावरच तांब्याच्या रेषा उमटविणे सोयीचे ठरते. तथापि तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर ए.बी.एस. हे प्रचलित प्लॅस्टिक सुमारे १०५ अंशांनाच मृदू होऊ लागते. म्हणून वितळलेल्या तांब्याने अशा रेषा काढणे व्यवहार्य नाही. धातू द्रावणातून, रासायनिक मार्गाने आणणे हा सोयीचा पर्याय होय. तो हव्या त्याच ठिकाणी कसा बसेल, याचे उत्तर लेसर तंत्रज्ञानाने कसे दिले आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वीच्या पद्धती

ए.बी.एस.वर मुलामा चढविण्यासाठी ते प्रथम क्रोमिक आम्ल व सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणात बुडविले जाते. त्यातील ब्युटाडाईन रबराचे कण झिजून पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडतात आणि धातूची पकड त्यांत बसते. मात्र या मिश्रणातील षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक आहे. युरोपीय संघात क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर २१ सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीवाचून निषिद्ध आहे. शिवाय या पद्धतीत रेषेपुरतीच नव्हे, तर संपूर्ण पृष्ठभागावर प्रक्रिया होते.

‘लेसर डायरेक्ट स्ट्रक्चरिंग’ या पद्धतीने निवडकतेचा प्रश्न सोडविला. हीत प्लॅस्टिकमध्येच विशिष्ट धातुसंयुग मिसळलेले असते. लेसर किरण जेथे पडतो तेथे ते क्रियाशील होऊन तांब्याच्या निक्षेपणास आरंभ करून देते. मोबाइलचे अँटेना या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर तयार झाले. परंतु उपयोग केवळ पृष्ठभागाचा असताना महाग संयुग संपूर्ण वस्तूत मिसळावे लागते.

अतिलघु स्पंद

पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या अवधीत प्रकाश केवळ ०.३ मिलिमीटर अंतर कापतो. अशा स्पंदांचे सुरक्षित वर्धन करण्याची पद्धत डॉना स्ट्रिकलँड व जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये मांडली. तिच्यासाठी २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

१० मायक्रोज्यूल ऊर्जा म्हणजे एक मिलिग्रॅम वस्तुमान एक मीटर उचलण्यास लागणारी ऊर्जा. ती १० पिकोसेकंदांत दिल्यास त्या अवधीतील शक्ती एक मेगावॉट होते. पृष्ठभागावरील रासायनिक बंध तुटण्यास ती पुरेशी ठरते. मात्र एकूण ऊर्जा अल्प असल्याने आणि उष्णतेला सभोवार पसरण्यास अवसर न मिळाल्याने शेजारचे प्लॅस्टिक वितळत नाही. स्पंदाचे सामर्थ्य ऊर्जेच्या विपुलतेत नसून अवधीच्या अल्पतेत आहे.

त्रिस्तरीय प्रक्रिया

लिथुआनियातील विल्नियस येथील भौतिक विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राने यावर आधारित प्रक्रिया विकसित केली. हीत सामान्य प्लॅस्टिक चालते. त्यात कोणतेही संयुग मिसळावे लागत नाही. प्रथम पिकोसेकंद लेसरने इष्ट रेषा आखली जाते. नंतर ती वस्तू सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून धुतली जाते. चांदी केवळ लेसरने बदललेल्या भागावर टिकते. अखेरीस ती ताम्रद्रावणात ठेवली जाते. तेथे चांदी उत्प्रेरकाचे कार्य करते आणि विद्युतप्रवाहाविना तांबे साचते. एकदा तांब्याचा थर बसला की पुढील निक्षेपणास तांबेच उत्प्रेरक ठरते.

अशा ताम्रद्रावणात क्षपणकारक म्हणून बहुधा फॉर्माल्डिहाइड असते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील टॉलेन्स परीक्षेत अल्डिहाइडमुळे चांदीचा आरसा तयार होतो, तो याच तत्त्वाने.

मर्यादा

फॉर्माल्डिहाइडही कर्ककारकच आहे. ताम्रद्रावणातील तांबे विरघळलेले ठेवण्यासाठी वापरली जाणारी रसायने सांडपाण्यातून तांबे वेगळे करणे कठीण करतात. प्लॅस्टिकला घट्ट चिकटलेल्या धातूमुळे वस्तूचे पुनर्चक्रीकरणही अवघड होते. शिवाय प्रत्येक प्लॅस्टिकसाठी योग्य स्पंदऊर्जा व स्पंदांतील अंतर प्रयोगाने ठरवावे लागते. स्पंद फार दाट पडल्यास उष्णता साचून मूळ लाभच नष्ट होतो.

समारोप

अतिलघु लेसरमुळे क्रोमिक आम्लाचा टप्पा आणि प्लॅस्टिकमध्ये मिसळावे लागणारे संयुग, या दोहोंची गरज टळते. मात्र ताम्रद्रावणाची गरज टळत नाही. म्हणून ही प्रक्रिया ‘प्रदूषणमुक्त’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ‘कमी घातक’ म्हणणे न्याय्य ठरेल. उर्वरित धोका दूर करण्यासाठी फॉर्माल्डिहाइडला पर्यायी क्षपणकारक शोधणे आवश्यक आहे, आणि ते कार्य मुख्यतः रसायनशास्त्राचे आहे.