खडकाळ जमिनीतील देशी रानफुलांची लागवड

खडकाळ जमिनीतील देशी रानफुलांची लागवड म्हणजे मुरमाड, उथळ व निकस जमिनीत त्याच परिसरात निसर्गतः उगवणाऱ्या फुलझाडांची केलेली जोपासना होय. या पद्धतीत झाडासाठी जमीन बदलली जात नाही, तर जमिनीला मानवेल असे झाड निवडले जाते.

जमीन

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाचे आहे. कुंडलिका नदीकाठचे जालना शहर व त्याचा जुना जालना हा भाग याच पठारावर वसलेला आहे. पठारावरील सखल भागात खोल काळी माती, तर उंचवट्यांवर मुरमाचा पातळ थर आढळतो. मुरमातून पाण्याचा निचरा लवकर होतो आणि त्यात अन्नद्रव्ये कमी असतात. अशा जागी भरपूर खत घातल्यास गवत व तण माजून रानफुले झाकोळली जातात. त्यामुळे जमिनीचा निकसपणा हा येथे दोष न ठरता या फुलांचे संरक्षण करतो.

उपयुक्त वनस्पती

* तरवड : पिवळ्या फुलांचे झुडूप. मुळे खोल जात असल्याने अवर्षणात टिकते.
* कुर्डू : गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांची वर्षायू वनस्पती. कोवळ्या पानांची भाजी करतात.
* काटेकोरांटी : पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप, कुंपणालगत उपयुक्त.
* विष्णुक्रांता : निळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती, दगडांच्या फटींत वाढते.

तेलंगणातील बतुकम्मा उत्सवात तरवड व कुर्डू यांच्या फुलांना महत्त्वाचे स्थान आहे.

लागवड

पावसाळ्यापूर्वी जागेवरील गाजरगवत व घाणेरी ही परदेशी तणे मुळासकट काढावीत. दगड हलवू नयेत. त्यांच्या सावलीत ओल टिकते. तरवडाचे टणक बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. कुर्डूचे बारीक बी वाळूत मिसळून वरवर विखरावे. काटेकोरांटी पावसाळ्यात छाटकलमांनी लावता येते. रोपे रुजेपर्यंत पावसाने ओढ दिल्यास पाणी द्यावे. नंतर सहसा गरज भासत नाही.

दक्षता

माळावरील झाडे उपटून आणू नयेत. पिकलेल्या बियांपैकी थोड्याच घ्याव्यात. बागेतील कुर्डूचे बी शेतात गेल्यास ते पिकात तण म्हणून वाढते. म्हणून शेताजवळ तुरे वेळीच खुडावेत. इतरत्र मात्र बी पक्व होऊन गळेपर्यंत वाळलेली झाडे कापू नयेत, अन्यथा पुढील वर्षी वर्षायू फुले उगवत नाहीत.