होडीवरचा काळा पट्टा

उचगाव होड्यांसाठी ओळखले जात नाही. कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून वसलेले हे गाव. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती इथून जवळ. त्यामुळे इथल्या मुलांना होडीपेक्षा फाउंड्री, लेथ आणि बफिंगचे चाक अधिक ओळखीचे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये या सगळ्या परिसराला होडीची गरज काय असते ते कळले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावे इथून माणसे बाहेर काढायची तर होडीशिवाय उपाय नव्हता.

नदीत फिरणारी होडी आणि पुरात गावात शिरलेली होडी यांचे हाल सारखे नसतात. गल्लीतून जाताना ती कंपाउंडच्या भिंतींना घासते, पाण्याखालच्या पायऱ्यांवर आपटते, पत्र्याच्या कडेला लागते. माणसे चढवण्या-उतरवण्याच्या जागी टायर बांधलेले असतील तर त्यांनाही घासते. पाणी ओसरल्यावर तिच्या बाजूंवर काळे पट्टे, पांढऱ्या रेघा आणि कोणाच्या तरी फाटकाचा निळा-हिरवा रंग असे सगळे उमटलेले दिसते. मग कोणीतरी उत्साहाने विटेची पूड नाहीतर तारेची घासणी घेऊन बसतो. पट्टा जातो खरा, पण त्या घासण्याने होडीचे जे नुकसान होते ते पट्ट्याने कधीच झाले नसते. असे का, ते पाहू.

आज आपल्याकडे दिसणाऱ्या बऱ्याच होड्या फायबरच्या असतात. काचेच्या बारीक तंतूंचे कापड पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून त्याचे थर एकावर एक बसवलेले असतात. ताकद या थरांत असते. त्यांच्यावर बाहेरून फक्त रेझिनचा, तंतू नसलेला, रंगीत आणि चकचकीत थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर होते तेवढी. आतल्या तंतूंपर्यंत पाणी आणि ऊन पोचू न देण्याचे काम हा पातळ थर करतो. हा थर खरवडून गेला की पाणी आत झिरपू लागते. तिथे विरघळण्याजोगे जे थोडेफार पदार्थ राहिलेले असतात ते त्यात विरघळतात, आणि ते द्रावण बाहेरचे आणखी पाणी ओढून घेते. काही काळाने पृष्ठभागावर फोड येतात. तासगावचे बेदाणे पाण्यात टाकले की टम्म फुगतात ना, तीच ही परासरणाची क्रिया. फक्त इथे वेळ महिन्यांत किंवा वर्षांत मोजायचा.

तेव्हा घासण्याआधी ठरवायचे ते एवढेच, की समोरची खूण म्हणजे होडीवर काही चिकटलेले आहे, की होडीचे काही निघून गेलेले आहे? डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसू शकतात. पांढऱ्या होडीवरची काळी रेघ ही चिकटलेल्या रबराची असेल, किंवा खाचेत भरलेल्या गाळाची असेल.

याची चाचणी फुकट आहे. आधी बादलीभर पाणी ओतून गाळ जाऊ द्यावा. हात लावू नये. पुराच्या गाळात वाळूचे कण असतात. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, काठिण्य ७. काचही त्याने खरवडते, मग रेझिनची काय कथा! गाळ न धुता फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच. गाळ गेल्यावर साबणाच्या पाण्याने हलकेच पुसावे आणि पृष्ठभाग वाळू द्यावा. आता नख आडवे फिरवा. नख अडकले तर ती खाच आहे. नंतर ओले बोट फिरवा. ओले असताना रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर तो वरवरचा ओरखडा. ओली असतानाही काळी ती काळीच राहिली आणि नख अडकले नाही, तर वर काहीतरी चिकटले आहे.

ओल्याने ओरखडा का लपतो? खरखरीत पृष्ठभागावर प्रकाश वेडावाकडा विखुरतो, म्हणून तो भाग पांढुरका दिसतो. पाणी खाचा भरून वरचा पृष्ठभाग सपाट करते. शिवाय पाण्याचा अपवर्तनांक (१.३३) हवेपेक्षा रेझिनच्या अपवर्तनांकाला (सुमारे १.५) जवळचा, त्यामुळे विखुरणे कमी होते. वर्गात हे दाखवायला होडी लागत नाही. खिडकीच्या दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर सेलोटेपचा तुकडा घट्ट दाबून बसवा. तेवढ्याच चौकोनातून पलीकडचे झाड दिसू लागते. मुले हा प्रयोग विसरत नाहीत.

आता काळ्या पट्ट्याकडे वळू. टायर घासतो तेव्हा घर्षणाने रबर जिथल्या तिथे तापते, मऊ होते आणि त्याचा अगदी पातळ पापुद्रा होडीवर उतरतो. बुटांच्या तळव्यांनी शाळेच्या फरशीवर काळ्या रेघा उमटतात त्या अशाच. गंमत अशी, की १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली याने नोंदवले होते ते हा चीक शिसपेन्सिलीच्या खुणा पुसतो म्हणून. इंग्रजीतले रबर हे नावही पुसण्याघासण्यावरूनच आले. खुणा पुसणारा पदार्थ इथे स्वतःच खूण करून बसतो.

साबणाने हा पट्टा जात नाही, कारण रबर तेलासारखे पाण्यात थेंबाथेंबाने सुटत नाही. टायरचे रबर गंधकाने पक्के केलेले असते. चार्ल्स गुडइअरला १८३९ मध्ये सापडलेली ही प्रक्रिया रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधून टाकते. त्यामुळे असे रबर विद्रावकात विरघळत नाही, फक्त फुगते. रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन एका लहान बाटलीत घ्या. रबरबँड कापून त्याचा सरळ तुकडा करा, लांबी मोजा आणि तो बाटलीत बुडवून ठेवा. दुसरा तेवढाच तुकडा पाण्यात ठेवा. काही तासांनी दोन्ही मोजा. पाण्यातला होता तसाच असेल. टर्पेंटाइनमधला लांब, जाड आणि लिबलिबीत झालेला असेल. ओढला तर पटकन तुटेल. (हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, उघड्या खिडकीपाशी. जवळपास आग नको.)

होडीवरही तेच घडवून आणायचे आहे. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके पट्ट्यावर दोन-तीन मिनिटे नुसते ठेवावे. पापुद्रा फुगतो, खालचा जेलकोट फुगत नाही. या ओढाताणीत रबराची पकड सुटते आणि मग ते हलक्या हाताने निघते. जोर हाताने लावण्यापेक्षा वेळेने लावावा. पुसताना फडक्याची बाजू सतत बदलत राहावी, कारण काळेपणा असतो तो काजळीचा आणि काजळी कशातच विरघळत नाही. ती फक्त जागा बदलते: होडीवरून फडक्यावर, आणि फडके तसेच फिरवत राहिलात तर पुन्हा होडीवर. शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन टाकावे. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन यासाठी आधी काढू नये. फाटकाचा रंग चिकटला असेल तर त्याचा उपयोग होतो, पण तेही चटकन पुसून घ्यायचे. काही प्लॅस्टिकांवर ॲसिटोन काय करते ते थर्माकोलच्या तुकड्यावर दोन थेंब टाकून पाहा.

एवढ्यानंतरही सावली राहिली तरच घासण्याची पाळी येते. तिथे उचगावच्या घराघरांतले कामगार आपल्यापेक्षा जाणकार. पॉलिश पेपरचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक, हे त्यांना सांगावे लागत नाही. हुपरीच्या चांदीच्या कामातही चकाकी येते ती अशीच, बारीक कणांनी अतिबारीक खाचा पाडून. खाचा जातात असे नाही. त्या इतक्या बारीक होतात की प्रकाशाला जाणवत नाहीत. होडीसाठी गाड्यांच्या रंगकामात वापरतात ते रबिंग कंपाउंड पुरे, आणि तेही थांबून थांबून, कारण प्रत्येक फेरीत जेलकोटचा थोडा भाग जातोच.

नख अडकलेल्या खाचा मात्र पुसायच्या नसतातच, त्या भरायच्या असतात. खाचेत कापडासारखी वीण दिसली तर जेलकोट संपला असे समजावे. ती जागा पूर्ण वाळू द्यावी आणि जाणत्या कारागिराकडून रेझिन आणि जेलकोटने बंद करून घ्यावी, पुढच्या पावसाळ्याआधी. काळा पट्टा राहिला तरी होडी माणसे नेते. ही खाच राहिली तर तिथला थर हळूहळू सुटत जातो.

बचाव पथकांच्या हवेने फुगवायच्या होड्यांना वरचे काहीच लागू नाही. त्या रबराच्या किंवा पीव्हीसीच्या कापडाच्या असतात. टर्पेंटाइन तिथे डागाबरोबर होडीलाही फुगवील. त्यांना फक्त साबण, पाणी आणि मऊ ब्रश.

आणि हे सारे नदीच्या घाटावर करू नये. काजळीचे, टर्पेंटाइनचे पाणी पंचगंगेत जायला नको. तिच्यात आधीच पुष्कळ काही सोडले जाते. होडी काठापासून दूर, सावलीत पालथी घालून काम करावे. वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून वाळवावीत, कारण टर्पेंटाइनचे ऑक्सिडीकरण होताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती साठत जाते.