सांगवीची पिशवी कोणत्या समुद्रात जाते?

समुद्रात साचणाऱ्या प्लास्टिकविषयी सांगवीत व्याख्यान कशाला, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. समुद्र पाहावयाचा तर आपणांस घाट उतरून कोकणात जावे लागते. परंतु आपल्या गावचे पाणी त्या समुद्राला मिळतच नाही. ते उलट, पूर्वेकडे जाते. मुळा आणि पवना सांगवी-दापोडीच्या परिसरात एकत्र येतात. पुण्यात मुठा मिळते. पुढे मुळामुठा भीमेला, भीमा रायचूर जिल्ह्यात कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या पुलावरून पडलेल्या पिशवीपुढे सारे दख्खन ओलांडणारी वाट असते.

ती तेथवर पोहोचते काय? प्रत्येक पोहोचत नाही. वाटेत उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणे आहेत. पिशवीचे पॉलिथीन पाण्याहून हलके, म्हणून ते तरंगते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक जड, बाटलीत पाणी भरले की ती बुडते. काही काठच्या झुडपांत अडकते, काही गाळात रुतते, उरलेले पुराबरोबर पुढे सरकते. पानाफुलांसारखे ते कुजत मात्र नाही. उन्हाने ठिसूळ होते, मोडते, आणि तुकड्यांचेही तुकडे होतात. पाच मिलिमीटरांहून लहान अशा कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. मासे ते अन्न समजून गिळतात.

२०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या हिशेबात किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरांच्या आतील वस्तीच धरली होती. आपण त्यात नव्हतो. म्हणून आपण निर्दोष ठरतो, असे नव्हे.

समुद्रातून हे कण वेचणे म्हणजे पिठात सांडलेले मीठ वेचणे होय. पिशवी अखंड असते तेव्हाच ती हाती धरता येते, आणि अखंड ती आपल्याच काठावर असते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. पण पुलाच्या कठड्यापाशी प्रत्येक वेळी शिपाई कोठून उभा राहणार? निर्माल्य कलशात टाकावे आणि पिशवी घरी परत न्यावी, एवढे तर आम्हां सांगवीकरांना खचित करता येईल.