युक्ती, शक्ती आणि वजनकाटा

इथे नेदरलँड्समध्ये पोहण्याचा डिप्लोमा मिळाला की बरीच मुलं ज्युडोकडे वळतात. आमची नऊ वर्षांची लेकही जाते. अंगाने अगदी काडी. साताऱ्याहून सासूबाई फोनवर विचारतात, "एवढीशी पोर, धिप्पाड माणसाने धरलं तर काय करणार गं?" यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे, ज्युडोत शक्ती नाही, युक्ती लागते. पण जिवाशी गाठ असताना सुविचारावर भागत नाही.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युडो पहिल्यांदा आला. तीन वजनी गट आणि चौथा खुला. वजनी गटांतली तिन्ही सुवर्णपदकं जपानने घेतली. खुल्या गटात मात्र अकिओ कामिनागाची गाठ आपल्या उत्रेख्तच्या आंतोन खेसिंकशी पडली. (इथे 'ग'चा 'ख' होतो, घसा तयार ठेवायचा!) खेसिंक जवळजवळ दोन मीटर उंच, वजन शंभर किलोच्या बरंच वर. कामिनागा काही किरकोळ नव्हता, पण उंचीने वीतभर कमी. खेसिंकने त्याला जमिनीवर असा दाबून धरला की सुटकाच नाही. युक्तीच्या माहेरघरी शक्ती जिंकली? तसंही नाही. खेसिंक जपानला वारंवार जाऊन तीच विद्या शिकला होता. दोघांकडे विद्या असली की वजन बोलतं.

विद्या एकाकडेच असेल तर चित्र पालटतं. १९९३ साली डेन्व्हरला वजनाची अट नसलेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत ब्राझीलच्या जेमतेम ऐंशी किलोच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं. जमिनीवरची झुंज तेव्हा फार थोड्यांना येत होती. पुढे इतरही ती शिकले आणि १९९७ मध्ये तिथेही वजनी गट आले.

कुस्तीत हे केव्हाच मान्य झालं होतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलो गटात. त्यांच्या डावपेचांना त्यामुळे कोणी कमी लेखत नाही.

म्हणून लेकीला मी स्पष्ट सांगितलंय : वर्गात तुझ्याच वजनाची जोडीदार असते, रस्त्यावर नसेल. तिथे पकड सोडवायची, ओरडायचं आणि पळायचं. जिंकायच्या फंदात पडायचं नाही. सासूबाईंनाही हे पटलं.

ज्युडोत आधी पडायला शिकवतात, ते मात्र कुठल्याही वजनाला चालतं. गेल्या हिवाळ्यात बर्फावर तिची सायकल घसरली. पोरगी हनुवटी छातीशी घेऊन लोळली आणि उठून आधी घंटी वाजते का ते पाहिलं.