दहा हजारांची इलेक्ट्रिक गिटार फोनवर किरकिरी का वाजते?

नवी इलेक्ट्रिक गिटार आली, फोनवर ॲप टाकलं, डिस्टॉर्शन फुल केलं आणि आवाज काय आला? डब्यात अडकलेल्या माशीसारखा. मग वाटतं की गिटारच हलकी आहे, पैसे साठवून दुसरी घेऊ. थांबा. बहुतेक वेळा गडबड गिटारमध्ये नसते, तिच्या पुढे जे जोडलंय त्यात असते.

वज्रेश्वरीसारख्या गावातून गिटार घ्यायची म्हणजे बहुतेक ऑनलाइनच. (गंमत म्हणजे ते पार्सल आपल्याच भिवंडीच्या एखाद्या गोदामातून निघालेलं असू शकतं.) दुकानात चार गिटारी वाजवून बघायची सोय नाही, म्हणून आवाज कुठे बनतो हे आधी समजून घेतलेलं बरं.

तारांखाली जी पट्टी दिसते तो पिकअप. आत चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं. बारावीतला फॅरडे, बस. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीचा बेंजो भोंग्यातून घुमतो, तोसुद्धा पिकअपच्याच जिवावर. स्वस्त गिटारमधला पिकअपही हे काम व्यवस्थित करतो. महागड्या पिकअपने फरक पडतो, नाही असं नाही, पण तो शेवटचा दहा टक्क्यांचा फरक म्हणा.

खरी जादू स्पीकरमध्ये

डिस्टॉर्शन म्हणजे ध्वनिलहरीची टोकं छाटणं. टोकं छाटली की मूळ सुरात नसलेल्या वरच्या पट्टीतल्या लहरी तयार होतात आणि त्याच कानाला टोचतात. गिटार ॲम्पमधला स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही, म्हणजे तो आपोआप गाळणीचं काम करतो. तुमचा इअरफोन मात्र २०,००० हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीत वाजवतो, टोचणाऱ्या लहरींसकट. रॉकच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारा जाड आवाज गिटार, ॲम्प, स्पीकर आणि माइक या चौघांचा मिळून असतो, आणि आपण त्यातले शेवटचे दोन वगळून वाजवत असतो.

यावरचा उपाय म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, थोडक्यात आयआर. स्पीकरमधून ठराविक चाचणीचा आवाज वाजवून तो माइकने रेकॉर्ड करतात आणि त्यातून त्या स्पीकरचा ठसा एका छोट्या फाइलमध्ये उतरवतात. ॲप तुमच्या सिग्नलवर तो ठसा चढवतं. इंजिनिअरिंगला सिग्नल्सच्या पेपरात कॉन्व्होल्यूशन रट्टा मारून पास झाला असाल, तर ते हेच! ॲपमध्ये ‘कॅब’ किंवा ‘कॅबिनेट’ नावाचा ब्लॉक शोधा आणि तो चालू आहे का बघा. आयफोनवर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यात ॲम्प-कॅबिनेट दोन्ही आहेत. लॅपटॉप असेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या, एक रुपया लागत नाही. त्यात आयआर वेगळी लोड करावी लागते, ती विसरू नका.

गिटार फोनच्या हेडफोन जॅकला साध्या अडॅप्टरने जोडू नका. त्या माइक इनपुटचा इम्पीडन्स फार कमी असतो, त्यामुळे पिकअपवर लोड येतो आणि वरचे सूर मरतात. गिटारसाठीचा इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस घ्या, तो साधारण १ मेगाओहमचा असतो. आणि इअरफोन वायरचेच. ब्लूटूथमध्ये १५० मिलिसेकंद सहज जातात. तेवढ्यात आवाज हवेतून पन्नासेक मीटर जातो, म्हणजे तुम्ही देवळाच्या पायरीवर वाजवताय आणि स्पीकर पार बाजारात ठेवलाय अशी गत होते.

गूं… गूं… आवाज आणि अर्थिंग

हा भाग नीट वाचा, कारण इथे प्रश्न फक्त आवाजाचा नाही.

आपली वीज ५० हर्ट्झची. घरातल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र पिकअप पकडतो, म्हणून सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतो. खुर्चीवर बसूनच गिटारची दिशा हळूहळू बदला, एका कोनात गूं कमी होईल. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट-सुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे ही गूं एकमेकींना मारते आणि सूर शिल्लक राहतो.

आता फोनचा चार्जर काढा. आवाज लगेच शांत झाला, तर दोष गिटारचा नाही, चार्जरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा आहे. गिटारच्या तारा आतून ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि ते ग्राउंड केबलमधून ॲम्पच्या बॉडीपर्यंत जातं. म्हणजे ॲम्पमध्ये बिघाड असेल आणि सॉकेटला अर्थिंग नसेल, तर करंट थेट तुमच्या बोटांत. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे भर स्टेजवर असाच गेला. हातात गिटार होती आणि त्याने माइकला हात लावला.

जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. वायरमनकडून तपासून घ्या, ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी बसवा आणि गूं घालवायला तिसरी पिन काढायचा जुगाड कधीही करू नका. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा टेस्टर पेटला, तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करा, मग प्लग काढा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी तर अजिबात वाजवायचं नाही. फोन बॅटरीवर, इंटरफेस फोनवर आणि कानात वायरचा इअरफोन, हा सेटअप सगळ्यात शांत आणि सगळ्यात सुरक्षित.

दुसरी गिटार घेण्याआधी

आधी तारा बदला. जून ते सप्टेंबर इकडच्या दमट हवेत तारा पटकन गंजतात आणि गंजलेली तार कुठल्याही गिटारला मेलेला आवाज देते. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मग १२ व्या फ्रेटवर तारेची उंची मोजा, दीड ते दोन मिलिमीटर बरी. त्याच फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळत नसेल, तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून इंटोनेशन लावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. पावसाळ्यात लाकूड हलतं, त्यामुळे गणपतीच्या सुमारास हे पुन्हा करावं लागतं.

एवढं करूनही दुसरी हवीच असेल (हवी असतेच, मला माहितीये!) तर पहिलीसारखीच घेऊ नका. पहिली सिंगल कॉइलची, ६४८ मिलिमीटर स्केलची असेल, तर दुसरी हंबकरवाली, ६२८ च्या आसपासची बघा. तारा जरा सैल लागतात, बेंड सोपे जातात, आवाजही वेगळा येतो. सेकंडहँड घेताना मान बाजूने डोळ्याला लावून बघा, प्रत्येक फ्रेटवर सूर वाजवा आणि ट्रस रॉडचा नट फिरतो का ते विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांगा. तो नको म्हणाला तर गिटार तिथेच ठेवा.